गुरुजींच्या गाडीचे पुढचे ब्रेक

खर्रर्र… टक्. खर्रर्र… टक्.

नांदेडच्या आमच्या गॅरेजात मी नवा लागलो होतो, तेव्हा रस्त्यावरून हा आवाज आला. बडे उस्ताद रस्त्याकडं पाठ करून चहा पीत होते. बशी खाली न ठेवताच म्हणाले, "पुढचं डावं चाक. तीन रिव्हेट उघडे पडलेत." मागं वळून बघितलंसुद्धा नाही! जरा वेळानं तो ट्रक आत आला. मी पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम उतरवला. लायनर, म्हणजे ब्रेकची घासणारी पट्टी, पार झिजलेलं, आणि रिव्हेटांची पितळी डोकी ड्रमला घासून सोन्यासारखी चमकत होती. मी मोजली. तीन!

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, काम शिकायचं तर याच माणसाकडं.

बडे उस्ताद जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता त्यांचा मुलगा खलील उस्ताद गॅरेज चालवतो. मी अजून तिथंच आहे. ब्रेकच्या शूवर लायनर ठोकतो. सगळे मला मामा म्हणतात. बोलायला मी पहिल्यापासून सावकाश, त्यामुळं लोक माझ्यासमोर मोकळेपणानं बोलतात आणि ऐकलेलं माझ्याकडं राहतं.

आमच्याकडं एक डबा आहे. उरलेले नट, बोल्ट, वॉशर त्यात पडत जातात. कुणी मुद्दाम साठवत नाही, कुणी फेकतही नाही. किस्स्यांचं तसंच आहे. एरवी डबा भरायला वर्षं लागतात. गुरुजींच्या गाडीनं एकटीनं भरला!

*

गुरुजी म्हणजे निलंग्याला गणित शिकवून रिटायर झालेले मास्तर. बायको गेल्यावर ते विष्णुपुरीला मुलीकडं राहायला आले. येताना सोबत एक ट्रंक आणि एक हिरवी अँबॅसिडर. गाडी त्यांच्याहून थोडीच तरुण. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक.

एका सकाळी त्यांच्यासमोर सायकलवाला आडवा आला. गुरुजींनी ब्रेक दाबला. गाडीनं डावीकडं तोंड फिरवलं आणि सरळ पेरूच्या हातगाड्यात जाऊन घुसली. कुणाला खरचटलंही नाही, पण पेरू रस्ताभर झाले.

पेरूवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, पेरू पायजे होते तर काच खाली करून सांगायचं ना! गाडी कामून घातली?"

गुरुजींनी सगळे चेंगरलेले पेरू विकत घेतले. गॅरेजात आम्ही तीन दिवस पेरू खाल्ले. उस्ताद मीठ लावून खायचे आणि म्हणायचे, "ब्रेक फेलचे पेरू लई गोड, मामा!"

चौथ्या दिवशी गुरुजींची मुलगी आली आणि आमचं हसणं थांबलं.

सुनंदाताई नर्स आहेत. अपघाताचे पेशंट रोज बघतात. त्या म्हणाल्या, "उस्ताद, बाबांना दुसरा कसला नाद न्हाई. ही गाडी चालवली की ते खूश असतात. पण आज पेरू होते. उद्या कुणाचं लेकरू असलं तर?"

उस्तादांनी हातातला अर्धा पेरू खाली ठेवला.

"एक महिना घ्या, ब्रेक नीट करा. तोवर गाडी मी चालवीन. महिनाभरानं बाबा चालवतील आणि मी शेजारी बसीन. गाडी सरळ रेषेत थांबली तर पुढंही चालवतील. न्हाई थांबली तर लातूरचा एक हॉटेलवाला गाडी मागून राहिलाय. त्याला दारात शोसाठी उभी करायचीय. त्याला देऊन टाकणार."

गुरुजी त्यांच्या मागं उभे होते. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस, आता स्वतःच परीक्षेला बसणार होता!

उस्तादांनी एकदा गुरुजींकडं बघितलं, एकदा गाडीकडं. म्हणाले, "पुढच्या दोन चाकांना डिस्क लावू."

*

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी ताटली. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारं असतं ते कॅलिपर. गुरुजींना एवढं सांगून भागेना. त्यांनी विचारलं, "ड्रम आणि डिस्क यांत नेमका फरक काय?"

उस्ताद टायरवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, ड्रम म्हणजे भावकी. धरलं तर लई घट्ट धरते, पण कुठल्या अंगाला ओढील, काय नेम न्हाई! डिस्क म्हणजे हापिसातला साहेब. कामात एकदम सरळ. पण मागून कुणीतरी जोर लावल्याशिवाय हलत न्हाई. म्हणून त्याला बूस्टर लागतो."

गुरुजी हसले. मी हसलो नाही. डिस्कला पॅड असतात, ते तयार मिळतात. तिथं लायनर ठोकायचं काम नसतं. गेल्या काही वर्षांत माझ्या हातोडीला दिवसातून तासभरही काम उरलेलं नाही.

उस्तादांच्या ते लक्षात आलं असावं. ते माझ्याकडं न बघताच गुरुजींना म्हणाले, "मागच्या चाकांना मात्र ड्रमच ठेवणार. गाडीचा हँडब्रेक त्याच्यावरच हाय. आन् मामांच्या हातचं लायनर असताना मी दुसरं कशाला बघू?"

हँडब्रेकचं कारण खरंच होतं. पण त्यांनी मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

*

उस्तादांनी भंगारातल्या एका व्हॅनची डिस्क आणि कॅलिपर शोधून आणले. पण व्हॅनचं कॅलिपर अँबॅसिडरला बसणार कसं? मधे लोखंडी ब्रॅकेट पाहिजे, आणि ते करणारा माणूस एकच: लातूरचे शिवाप्पा. त्यांचं लेथचं दुकान आहे. आप्पांचा नियम असा की फोनवर माप घ्यायचं नाही. "माप फोनवर येत न्हाई, माप हातात येतं," असं म्हणतात.

म्हणून उस्ताद आणि मी चाक ज्यावर बसतं ते हब, डिस्क, कॅलिपर आणि एक रिम असं सगळं दोन पोत्यांत भरून निघालो. शेवटचा टप्पा काळ्या-पिवळ्या जीपनं. जीपवाल्यानं पोतं उचलून बघितलं.

"चाचा, काय हाय येवढं जड?"

"ब्रेक हायेत," उस्ताद म्हणाले.

"मंग मागं नका ठेवू. इकडं पुढं द्या, मलाच लागून राहिलेत!"

लातूर येईपर्यंत उस्तादांनी एका हातानं सीट धरली होती आणि दुसऱ्या हातानं मला.

आप्पांच्या दुकानात भिंतीला खिळा होता आणि त्या खिळ्याला लग्नपत्रिका टोचलेल्या. मला वाटलं, माणूस फार मोठ्या गोतावळ्याचा दिसतोय. तर आप्पांनी त्यातली एक जाड पत्रिका काढली, कात्रीनं ब्रॅकेटच्या आकारात कापली, कॅलिपर आणि हबच्या मधे बसवली आणि रिम चढवला.

"आप्पा, हे काय?" मी विचारलं.

"आधी कागूद, मग लोखंड," आप्पा म्हणाले. "कागदाची चूक कात्री सुधारते. लोखंडाची चूक कोण सुधारील?"

त्यांनी रिम हातानं हळूच फिरवला. कॅलिपर बाहेर येत होतं, ते रिमला अडलं आणि टर्रकन कागद फाटला. आप्पांनी तुकडा काढून चष्म्याजवळ धरला.

"नवरीचं नाव शाबूत हाय. नवऱ्याचं फाटलं. म्हणजे वरच्या बाजूनं अर्धा सूत आत घ्यावं लागतंय."

दुसरी पत्रिका. पुन्हा फाटली. "आता फकस्त मुहूर्त फाटला. स्वल्प राहिलं!" आप्पा मूळचे निलंग्याकडच्या कानडी सीमेवरचे, बोलता बोलता कानडी यायचीच; स्वल्प म्हणजे थोडं. तिसऱ्या पत्रिकेला रिम सरसर फिरला. कागदाला ओरखडासुद्धा नाही. तेव्हा कुठं आप्पांनी लेथचं बटण दाबलं.

निघताना उस्ताद म्हणाले, "आप्पा, कुणी लग्नाला बोलावतं तर जाता की न्हाई?"

"पत्रिका जाड असली तर जातो!"

दोन्ही चाकांची ब्रॅकेट नांदेडला आणून बसवली. एकही बोल्ट ठोकावा लागला नाही. हातानं आत गेले.

*

आता सांगतो तो किस्सा उस्ताद स्वतःच सगळ्यांना सांगतात, म्हणून सांगायला हरकत नाही.

डिस्क बसली, कॅलिपर बसले, ब्रेक ऑइल भरलं. आता लाइनीतली हवा काढायची होती. त्याची रीत अशी: एकानं पेडल मारून दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली कॅलिपरवरची निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी नळी, ढिली करायची, हवेचे बुडबुडे निघाले की बंद करायची. पेडल मारायला गुरुजी बसले. मोठ्यानं आकडे मोजत मारायचे. "एक, दोन, तीन, धरलं!"

दिवसभर हवा काढली. पेडल मऊच. चिखलात पाय घातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. उस्तादांनी पाइप बदलले, वॉशर बदलले, ऑइलचे डबे संपवले. मी सगळे जोड पुसून बघितले. कुठं थेंबाचीही गळती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी गुडघा चोळत खाली उतरले आणि चाकाशी वाकले.

"उस्ताद, एक विचारू? हवा हलकी की तेल हलकं?"

"हवा हलकी, गुरुजी."

"मग हवा कुठं जाऊन बसणार? वर की खाली?"

"वर."

"बरं. आणि तुमची ही निपल कुठं आहे?"

उस्तादांनी बघितलं. मी बघितलं. निपल कॅलिपरच्या तळाशी होती! डावं कॅलिपर उजव्या चाकाला आणि उजवं डाव्या चाकाला लागलं होतं. हवा वर मजेत बसली होती आणि आम्ही दोन दिवस खालून चांगलं तेल काढून फेकत होतो.

बाप-लेक मिळून सत्तर-ऐंशी वर्षं ब्रेकचं काम केलेलं घर ते. मी तर शेजारीच बसलो होतो, मलाही दिसलं नाही. दुसरा एखादा मिस्त्री असता तर त्यानं कॅलिपर विकणाऱ्यावर ढकललं असतं. उस्ताद उठले, हात पुसले आणि गुरुजींना वाकून सलाम केला.

"गुरुजी, मी चौथीत नापास कामून झालो, ते आज कळलं!"

गुरुजी म्हणाले, "नापास नाही. गणित बरोबर होतं, फक्त पुस्तक उलटं धरलं होतं."

कॅलिपरांची अदलाबदल केली. अर्ध्या तासात पेडल दगडासारखं झालं.

*

महिना भरला. ताई आल्या आणि गुरुजींच्या शेजारी बसल्या. उस्ताद आणि मी मागच्या सीटवर.

गाडी पहिल्यांदा थांबली ती दोरी लावल्यासारखी सरळ. गुरुजींनी आरशातून आमच्याकडं बघितलं. दुसऱ्यांदाही सरळ. तिसऱ्यांदा थांबायची वेळच आली नाही. गाडी जड झाली, इंजिन घुसमटायला लागलं आणि जळका वास आला.

खाली उतरून बघितलं तर पुढची दोन्ही चाकं तापलेली. ताईंनी बाटलीतलं पाणी डिस्कवर टाकलं. चर्रर्र! वाफ वर आली. पेडलवरचा पाय काढला तरी पॅड डिस्कला सोडत नव्हते.

ताई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, आधी थांबत नव्हती. आता सुटून नाही राहिली!"

एरवी या वाक्याला सगळं गॅरेज हसलं असतं. गुरुजी चष्मा काढून पुसत राहिले. ताईंना स्वतःलाही बरं वाटलं नसावं. त्यांनी बापाच्या पाठीवरून हात फिरवला. पण उस्तादांना म्हणाल्या, "मी हॉटेलवाल्याला रविवारी बोलावते. त्याच्याआधी झालं तर झालं."

*

हॉटेलवाल्याला कुठला धीर! तो रविवारची वाट न बघता शुक्रवारीच आला. सोबत मेजरटेप. गाडीची लांबी घेतली, रुंदी घेतली. गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात. यानं बॉनेट उघडूनही बघितलं नाही.

"उस्ताद, ब्रेकवर कामून मेहनत करून राहिलात? मला तर चाकं काढून चबुतऱ्यावर ठेवायचीय. बॉनेटमधे माती भरून झेंडू लावीन. लोक सेल्फी काढतील!"

उस्ताद हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "साहेब, चबुतऱ्यावर ज्याला बसवायचं, तो आधी मेलेला लागतो. ही अजून जिती हाय."

हॉटेलवाला हसला. त्याला ते कौतुक वाटलं. जाताना तो बॉनेटवर हात थापटून गेला. गुरुजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. तो गेल्यावर ते उठले, खिशातला रुमाल काढला आणि जिथं त्याचा हात लागला होता तेवढी जागा पुसली. मग पुन्हा जाऊन बसले.

उस्तादांनी ते बघितलं. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुठल्याही गाडीला हात लावला नाही.

*

शनिवारी सकाळी आलो तर उस्ताद गाडीच्या पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसलेले. शेजारचा चहा साय धरून गार झालेला.

"मामा, एक सांगा. ड्रमच्या गाडीत पेडल सोडलं तरी लाइनीत थोडा दाब राहू देतात. कामून?"

मी सावकाश म्हणालो, "आतले रबरी कप पसरून बसावेत, हवा आत येऊ नये, म्हणून."

"आन् तो दाब कोण धरून ठेवतं?"

"मास्टर सिलिंडरमधला व्हॉल्व्ह. बारका असतो, चिंचोक्याएवढा."

मी बोललो आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग दोघंही एकदमच उठलो!

झालं होतं असं की गाडीचं जुनं जेवढं राहील तेवढं ठेवा, असा गुरुजींचा आग्रह होता. म्हणून आम्ही बूस्टर नवा घातला, पण पेडलचा दाब तेलाला देणारा मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला. त्याच्या आत ड्रमच्या काळातला तो व्हॉल्व्ह बसलेला. ड्रमला तो थोडा दाब लागतो. डिस्कला तोच दाब मिळाला की पॅड तिला चिकटून राहतात आणि तापतात.

उस्तादांनी मास्टर खोलला. चिमट्यानं व्हॉल्व्ह काढून तळहातावर घेतला. "बगा मामा! जुनं जपायच्या नादात आपण ह्याला बी जपलं. पाव्हणा घरात, आन् आपण गावभर शोधून राहिलो!"

मग मागच्या ड्रमच्या लाइनीत त्यांनी तसाच वेगळा व्हॉल्व्ह बसवला. हे काम डोक्याचं आहे. नुसता काढून टाकला असता तर पुढचं सुधारलं असतं आणि मागचं हळूहळू बिघडलं असतं. एवढी घाई होती, तरी ते मागचं विसरले नाहीत. मी त्यांना पान्यावर पाना देत होतो. मनात आलं, बडे उस्ताद असायला पाहिजे होते. बघितलं नसतं त्यांनी मागं वळून, पण ऐकलं असतं.

*

रविवारी सकाळी विष्णुपुरीच्या पुढचा मोकळा रस्ता. गुरुजी स्टिअरिंगवर, ताई शेजारी, आम्ही दोघं मागं. ताईंच्या मांडीवर पर्स आणि जेवणाचा डबा. दवाखान्यात ड्युटी होती, ताई ड्रेसवरच आल्या होत्या. हॉटेलवाल्याचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. त्यांनी तो उचलला नव्हता, कट पण केला नव्हता.

"बाबा, मी कधी सांगीन ते सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "'थांबा' म्हणलं की थांबायचं."

गुरुजींनी वेग घेतला. ओठ हलत होते. आकडे मोजत असावेत.

"थांबा!"

गाडी थांबली. सरळ.

पुन्हा वेग. या वेळी ताई बराच वेळ बोलल्याच नाहीत. खिडकीतून बाहेर बघत होत्या. गुरुजींना वाटलं त्या विसरल्या. ते धरणाच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगायला लागले आणि वाक्य अर्ध्यात असताना, "थांबा!"

थांबली. डबा मांडीवरून घसरला नाही.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. उस्तादांनी माझा गुडघा गच्च धरला होता. शेवटी ताई म्हणाल्या, "बाजूला घ्या." गुरुजींनी गाडी बाजूला घेतली.

ताई उतरल्या. पुढच्या डाव्या चाकाशी वाकल्या, मग उजव्या चाकाशी गेल्या. बाटली काढली, पण झाकण उघडलं नाही. नुसता हात जवळ नेऊन बघितला. मग मागं आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, न्यूट्रल करा. ब्रेकवरचा पाय काढा."

त्यांनी डिकीला एक हात लावला आणि ढकललं. एवढी जड गाडी, नवीन सायकलसारखी पुढं सरकली.

उस्तादांना राहवलं नाही. काच खाली करून म्हणाले, "ताई, काय ते बोला की! इथं माझा जीव न्यूट्रलमधे हाय!"

ताईंनी पुढचं दार उघडलं. सीटवरची पर्स खांद्याला लावली, डबा हातात घेतला. बापाकडं बघितलं. गुरुजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते, वर्गात उभं केलेल्या पोरासारखे.

"सुनंदा," ते म्हणाले, "बस की. ड्युटीला उशीर होईल. तू चालव पाहिजे तर."

ताईंनी दार लावलं. नीट लागलं का ते ढकलून बघितलं. समोर, बरंच पुढं, फाट्यावर ऑटो उभे होते. त्यांनी ओढणी खोचली, पुन्हा वाजायला लागलेला हॉटेलवाल्याचा फोन कट केला आणि त्या दिशेनं चालायला लागल्या.